न दिलेली ओळ

बापू, आपलं भांडण मिटायचं राहिलंच की हो.

नाटक कितीही रटाळ असो, पडदा पडेपर्यंत विंगेतलं स्टूल न सोडणारे तुम्ही. या वेळी मात्र साधा ताप आला, उतरला, पुन्हा चढला आणि तुम्ही मध्येच उठून चालते झालात. आदल्या दिवशी मी भेटायला आलो होतो. आवाज पार खोल गेला होता तुमचा, तरी उशीवर मान कलती करून म्हणालात, "मास्तर, तू विसरला नव्हतास." मी म्हटलं, "आधी बरे व्हा, मग भांडू." वहिनींनी दोघांवरही डोळे वटारले आणि मी चहा न घेताच निघालो. दुसऱ्या दिवशी यायचंच होतं.

आता आबासाहेब म्हणतात, आपल्या इंदूरच्या नाट्यमंडळाच्या गणपतीच्या अंकासाठी बापूंवर दोन पानं लिहा. आपले आबासाहेब कसे आहेत ते तुम्हाला मी काय सांगू! कोर्टातून रिटायर झाले तरी मंडळाचे लेखक, दिग्दर्शक आणि न्यायाधीश अजून तेच. त्यांना काय हवंय ते मला ठाऊक आहे. जन्म, शिक्षण, आजोबा होळकरी पलटणीत, वडील दरबारच्या कचेरीत, स्वतः नगरपालिकेच्या नळखात्यात, पश्चात पत्नी व एक चिरंजीव. ते त्यांनी स्वतः लिहावं, त्यांचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे. माझं तुमच्याशी बोलणं अर्धवट राहिलंय, मी तेवढंच पुरं करणार. छापायचं तर छापतील.

तुमच्या तेराव्याला केवढी माणसं लोटली होती! रामबागेतले झाडून सगळे, जेल रोडवरचे, नळखातं तर आख्खं. जो तो म्हणत होता, बापू नाटकात होते. कुणाच्या तरी नव्या सुनेनं विचारलं, "कोणत्या भूमिका करायचे?" तर पंगतीतला एकजण म्हणाला, "भूमिका नाही, मागे बसायचे." मी घास परत पानात ठेवला. मग वाटलं, तुम्ही असतात तर मांडीवर थाप मारून हसला असतात. मागे बसायचे! खरंच बसायचात. उजव्या विंगेत, स्टुलावर, मांडीवर नक्कल, म्हणजे नाटकाची हातानं उतरवून काढलेली वही. डाव्या हाताचं बोट चालू ओळीवर आणि डोळे त्या बोटावर. नट अडला की त्याला पुढची ओळ द्यायची, आणि ती अशी द्यायची की त्याला ऐकू जावी, पण पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांना जाऊ नये. तुमचा तो दबका, कोरडा आवाज माझ्या उजव्या कानात अजून आहे. कित्येक राजे, प्रेमवीर आणि बॅरिस्टर त्या आवाजावर तरले.

नळखात्यातलं काम तरी काय वेगळं होतं? कोणत्या मोहल्ल्याचं पाणी कधी सोडायचं ते तुम्ही बघायचात. मी एकदा विचारलं होतं, "बापू, एवढी वर्षं विंगेत बसून कंटाळा नाही येत? एकदा तरी तोंडाला रंग लावावा असं नाही वाटत?" तर तुम्ही आपल्या इंदुरी थाटात म्हणालात, "हे बघ भिया, नळाला पाणी आलं की लोक आंघोळीला जातात. कुणी म्हणतं का, वा, काय पाणी सोडलंय आज? नाही आलं की मग विचारतात, बापू कुठे मेला. प्रॉम्प्टिंगचं पण तसंच आहे. कुणाला माझी आठवण आली, मतलब माझ्याकडून गडबड झाली."

आणि दुसरी ती तुमची हट्टी गोष्ट. प्रयोग संपला की मी हटकून विचारायचो, "कसं झालं?" तुम्ही म्हणायचात, "मी कुठे बघितलं?"

"अहो, दोन हातांवर तर होतात!"

"होतो ना. पण मी वाचत होतो. प्रॉम्प्टरनं वर बघायचं नसतं मास्तर. वर बघितलं की बोट सुटतं, आणि बोट सुटलं की समोरचा बुडाला समज."

मला आधी वाटायचं, ही आपली ऐट आहे तुमची. मग लक्षात आलं, ऐट नव्हती. हयात नाटकात गेली आणि नाटक एकही पाहिलं नाही असा माणूस मला तुमच्याखेरीज दुसरा भेटला नाही. मी तुम्हाला मधुमेह झालेला हलवाई म्हणायचो. तुम्ही ते रात्री सराफ्यातल्या खाऊच्या ठेल्यांवर रबडी खाता खाता ऐकून घ्यायचात.

तर आता आपल्या भांडणाकडे येतो.

नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्या एकेक करून तिकडे हलल्या, आणि कचेऱ्यांबरोबर आपले नटही हलले. नायक गेला, खलनायक गेला, नायिकेच्या नवऱ्याची बदली झाली म्हणून नायिकाही गेली. उरले मास्तर, वकील आणि नळखातं. मंडळ बंद पडतं की काय अशी वेळ आली, तेव्हा आबासाहेबांनी हट्टानं तीनच माणसांचं नाटक लिहून काढलं. संस्थानी नोकरी संपलेला एक बाप, दूरगावी नोकरीला निघालेला मुलगा आणि एक बडबड्या शेजारी. शेजारी स्वतः आबासाहेब, मुलगा आपले वकील, आणि बाप मी. तोवर मी फक्त "सरकार, पाहुणे आले आहेत" असलीच कामं केलेली. केसांना पांढरा रंग फासून तालमीत उभा राहिलो तेव्हा तुम्हीच म्हणालात, "घाबरू नको, मी आहे ना."

शेवटचा प्रवेश. मुलगा ट्रंक घेऊन उभा, बाप खुर्चीत. तो म्हणतो, "बाबा, निघतो." बापानं म्हणायचं, "दार ओढून घे जाताना. धूळ येते." बस, एवढंच. मग मुलगा जातो, पडदा पडतो. पाठ करायला यात आहे काय? माझ्या वर्गातल्या पोरांनाही आलं असतं.

स्पर्धा गणपतीतली. देवासचं मंडळ आलेलं, उज्जैनचं आलेलं, ग्वाल्हेरचंही. मुंबईहून एक परीक्षक बोलावलेले, पांढरे कपडे, सोनेरी काड्यांचा चष्मा. नाटक बरं चाललं होतं. वकील ट्रंक घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, निघतो." मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं, बापू. ती ओळ नव्हती, आधीची नव्हती, नंतरची नव्हती. मी मान न वळवता उजवा कान तुमच्याकडे लावला. काही नाही. तुम्ही द्याल, आता द्याल, असं करत थांबलो. काहीच नाही. वकिलांच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. त्यांच्या शर्टाची कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती, मला वाटलं ती सरळ करावी, पण उठवलं नाही. मी त्या कॉलरकडे बघत बसलो. हॉलमधल्या खुर्च्यांची करकरसुद्धा थांबली होती. आणि मग कुठून कोण जाणे, ओळ आली. माझ्याच आवाजात, पण मी कधी बोललो नव्हतो इतक्या हळू. बायकांच्या बाजूनं एक हुंदका आला. वकील गेले, पडदा पडला.

मी तसाच धावत विंगेत आलो. "बापू, ओळ का नाही दिलीत?" तुम्ही नक्कल मिटत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू विसरला नव्हतास." आणि पडद्याची दोरी बांधायला निघून गेलात.

तिथून सुरू झालं. परीक्षक भाषणात म्हणाले की त्या एका शांततेसाठी आपला इंदूरचा फेरा सार्थकी लागला. उत्कृष्ट अभिनयाची ढाल मला मिळाली. खाली उतरल्यावर ते खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, इथे काय करताय? मुंबईला या. आमच्या कंपनीत तुमच्यासाठी काम आहे." सगळे टाळ्या पिटत होते आणि मी ढाल घेऊन असा उभा, जसा काही दुसऱ्याच्याच लग्नात नवरदेव म्हणून हार पडलेत गळ्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याशी पोह्यांच्या ठेल्यावर मी तुम्हाला गाठलं.

"बापू, खरं सांगा. मी विसरलो होतो."

"नाही."

"अहो, माझं मी सांगतोय ना!"

"तुला काय माहीत? जो विसरतो त्याचे पाय हलतात. तुझे नाही हलले."

"माझे पाय तुम्ही पाहिलेत कधी? तुम्ही तर वाचत होतात!"

जिलबीचा तुकडा तुमच्या हातातच राहिला. मग म्हणालात, "फळ्यांचा आवाज येतो ना पायाखाली. खा चुपचाप, पोहे थंड होतायत." मला उत्तर पटलं. फळ्या खरंच वाजायच्या.

तुम्हाला हे भांडण गमतीचं वाटत असेल, निदान तसं दाखवायचात तरी. मला ते गमतीचं नव्हतं. माझ्या हातून आयुष्यात एकदाच काहीतरी असं झालं होतं की भरलेला हॉल श्वास घ्यायचा विसरला, आणि ते मी केलं होतं की माझ्याकडून नुसतं घडलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. मुंबईला जायचं ते कोणत्या तोंडानं जायचं? तिथे जाऊन काय सांगू, मला रोज विसरता येईल? तुम्ही म्हणालात, "जा यार, असा चान्स परत नाही येत." मी नाही गेलो. त्याचं मला फारसं दुःख नाही. भूगोल शिकवण्यात माझं बरं चाललंय, आणि मुंबईचा दमटपणा मला मानवलाही नसता. पण प्रश्न काही शिळा झाला नाही. सुताराचं बरं असतं, टेबल डगमगत नसेल तर ते त्यानं केलेलं असतं. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट उभी राहते तेव्हा ती आपणच उभी केली की वाऱ्यानं, कोण सांगणार? सांगू शकेल असा एकच माणूस तिथे होता, दोन हातांवर.

मग बेटमा गावचा तो प्रयोग. आठवतो ना? तिथल्या जुन्या पलटणीतल्या मराठी घरांनी बोलावलं होतं, आणि धान्याच्या एका व्यापाऱ्यानं आपली शेड दिली होती. भर दुपार, पोत्यांवर बसलेली माणसं, गव्हाचा वास. मी मनाशी ठरवून गेलो होतो. त्या ओळीपाशी आज मुद्दाम थांबायचं. तशीच शांतता धरायची, आणि स्वतःलाच दाखवून द्यायचं की ती माझी आहे. वकील म्हणाले, "बाबा, निघतो." मी थांबलो. कॉलरकडेसुद्धा बघितलं. आणि विंगेतून तुमचा आवाज आला, "दार ओढून घे." मी हललो नाही. तुम्ही पुन्हा, जरा मोठ्यानं, "दार ओढून घे जाताना!" मी तरीही गप्प. तेव्हा पहिल्या पोत्यावर बसलेला तो व्यापारी, ज्याला मराठी धड येत नव्हती, त्याला माझी दया आली. म्हणाला, "मास्टरसाब, वो कब से के रिये हैं, दरवाजा लगा लो!" शेड हसण्यानं फुटली. वकील ट्रंक टाकून हसले. आबासाहेबांना चक्कर यायची तेवढी बाकी होती.

परतीच्या मोटारीत मी तुमच्याशी बोलत नव्हतो. कलारिया गाव मागे पडल्यावर तुम्हीच म्हणालात, "आज विसरला होतास."

"मी मुद्दाम थांबलो होतो!"

"तेच तर. बाप कधी मुद्दाम थांबतो का? तू तिथे नव्हतासच मास्तर. आज तू नाटकात नव्हतास, बक्षिसात होतास."

मला इतका राग आला की मी तुमच्या शेजारून उठून ड्रायव्हरमागच्या सीटवर जाऊन बसलो. तिथे पत्रा तापलेला होता, म्हणून थोड्या वेळानं परत आलो. तुम्ही जागा धरूनच ठेवली होती. आणि बोललात ते चुकीचंही नव्हतं. थांबलो होतो तेव्हा मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो.

एकदाच तुम्ही माझ्यावर खरे चिडलात. मंडळाच्या वाढदिवसाला सगळे जमले होते, तेव्हा मी भाषणात म्हटलं की माझी ढाल खरी बापूंची आहे, कारण त्यांनी ओळ दिली नाही म्हणून ती मिळाली. मी कौतुकानं म्हणत होतो. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. तुम्ही मात्र उठून बाहेर गेलात. मी मागोमाग आलो तर नळाशी उभे होतात, चेहरा लाल. "परत असं कधी म्हणायचं नाही. ओळ न देणं हे काही काम आहे का? शरम वाटते मला." मी गोंधळलो. जो माणूस मी विसरलोच नव्हतो असं छातीठोक सांगतो, त्याला ओळ न दिल्याची शरम कशाची वाटावी? तेव्हा मला हे जुळवता आलं नाही. मी म्हटलं, म्हातारा तिरसट होत चाललाय. तुमच्या आमच्या वयात अंतर किती होतं म्हणा, पण मी तुम्हाला म्हातारा म्हणायची संधी सोडत नसे.

परवा तेराव्याची माणसं पांगल्यावर मी वहिनींजवळ जरा बसलो. त्या शेजाऱ्यांची भांडी वेगळी काढत होत्या. त्यांना काहीतरी बोलतं ठेवावं म्हणून मी म्हटलं, "वहिनी, आमचं भांडण राहून गेलं बघा."

"कोणतं, ते नाटकाचं? तुम्ही पण ना भाऊजी! ते नाटक तर पाहिलं होतं त्यांनी."

"पाहिलं म्हणजे?"

"पाहिलं मतलब पाहिलं. आयुष्यात एकच नाटक पाहिलं, म्हणायचे." पातेलं हातात घेऊन त्या तिथेच टेकल्या. "त्या दिवशी घरी आले तर ताटावर बसले पण जेवलेच नाही. मी म्हटलं, तब्येत तर ठीक आहे ना? तर म्हणाले, आज माझ्याकडून फार वाईट झालं. मास्तर गप्प झाला, मी वर बघितलं, आणि बघत राहून गेलो. बोट कुठे, वही कुठे, काही भानच नव्हतं. तो विसरला होता की काय, ते पण मला माहीत नाही. मी म्हटलं, मग भाऊजींना सांगून टाका ना. तर माझ्यावरच ओरडले. पागल आहेस का, प्रॉम्प्टरनं असं सांगायचं असतं?"

त्याच पुढे म्हणाल्या, "आणि तो आठवडाच तसा होता. सुरेश भिलाईला गेला होता ना, पहिल्या नोकरीला. स्टेशनवर पोरगा पाया पडला तर हे काही बोललेच नाही. घड्याळ बघितलं, म्हणाले, छत्रीपुऱ्याचं पाणी सोडायचंय. आणि वळून चालायला लागले. मी एकटीच उभी राहिले गाडी सुटेपर्यंत."

बापू, मला आधी तुमचा राग आला. चांगला सणसणीत आला. इतकी वर्षं मला पायांच्या आणि फळ्यांच्या गोष्टी सांगितल्यात, आणि तुम्हाला स्वतःलाच काही ठाऊक नव्हतं! पोह्यांच्या ठेल्यावर मी तुम्हाला जवळजवळ पकडलं होतं, आणि तुम्ही थंड पोह्यांवर निसटलात. एक वाक्य बोलला असतात, मास्तर, मी वर बघितलं, तर मी कदाचित मुंबईची गाडी पकडली असती. निदान बेटम्याला त्या व्यापाऱ्याकडून तरी सुटलो असतो.

मग राग उतरला आणि त्याच्या जागी एक क्षुद्र विचार आला, तोही सांगून टाकतो. वाटलं, म्हणजे तुम्ही मला कुठे पाहिलंत? तुम्ही पाहिलात सुरेश. ट्रंक घेऊन उभा असलेला मुलगा आणि तोंड उघडून गप्प राहिलेला बाप. तिथे माझ्या जागी दुसरा कुणी अडला असता तरी तुमचं बोट सुटलंच असतं. म्हणजे ढाल गेली ती गेलीच, तुमचं ते वर बघणंही गेलं.

या विचाराशी मी दोन दिवस झटतोय. शाळेत नकाशा लावून ठेवतो आणि पोरं नर्मदा शोधत असतात तेव्हा मी तुमच्याशी बोलत असतो. आणि आता मला वाटतं, नाही, काही गेलं नाही. दुसऱ्याला त्याचंच काहीतरी दिसावं म्हणून तर आपण तिथे उभे राहतो ना? मी दिसावं म्हणून उभा राहिलो ते बेटम्याला, आणि काय झालं ते तुम्ही ऐकलंच. मी विसरलो होतो की नव्हतो, हा प्रश्न मला आता तितका मोठा वाटत नाही. परीक्षकांना ती शांतता आवडली, ठीक आहे, त्यांचं कामच ते. पण ज्या माणसाची सगळी अब्रू वर न बघण्यात होती, त्यानं वर बघितलं. माझ्या कामाला याहून मोठं मोल कोण देणार होतं? आणि ते देताना तुमच्या कामाचं मोल तुम्ही स्वतःच्या हातानं मोडलंत, म्हणून तुम्हाला शरम वाटली. ती शरम घेऊन तुम्ही जगलात, आणि मला मात्र "तू विसरला नव्हतास" एवढं देत राहिलात. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ठाऊक नसताना माणूस ज्या बाजूनं उभा राहतो ती बाजू त्यानं निवडलेली असते. तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहिलात.

आणि एक गोष्ट तुम्हाला कधी म्हटली नाही, ती म्हणतो. तुमच्या त्या एका चुकीवर मी एवढा जीव जडवून बसलोय, पण बाकीच्या सगळ्या प्रयोगांचं काय? तेव्हा तुम्ही वर बघितलं नाहीत म्हणून मी नाटकं पुरी करू शकलो. मुलगा गावाला गेला तरी छत्रीपुऱ्याचं पाणी वेळेवर सोडलंत, म्हणून तिथल्या बायकांनी त्या दिवशी चूल वेळेवर पेटवली. त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि मलाही कधी आठवलं नाही. वर बघण्याची किंमत आहे ती तुम्ही कधी वर न बघणारे होतात म्हणून. एरवी बघणारे हॉलभर बसले होतेच.

हे सगळं तुम्हाला समोर बसवून सांगायला हवं होतं. तुम्ही "फालतू भाषण नको देऊ" म्हणाला असतात. मला ते ऐकायचं होतं.

तेराव्याच्या दुपारी तुमच्या घरून निघालो तेव्हा सुरेश मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. माझी सायकल त्यानंच हातात धरली. आता त्याच्याही कानशिलांवर पांढरे दिसतात. थोडं चालल्यावर म्हणाला, "काका, एक विचारू? बाबा नाटकात एक्झॅक्टली काय करायचे? लोक मला विचारत होते आणि मला सांगताच नाही आलं."

मी त्याला सांगितलं. स्टूल, नक्कल, ओळीवरचं बोट, सगळं. तो हसत ऐकत होता. मग मी त्याला स्पर्धेच्या त्या संध्याकाळचं सांगितलं. नाटकात कोण होतं, मुलगा काय म्हणतो, बाप काय म्हणतो, आणि तो कोणता आठवडा होता. आणि तुमचं बोट सुटलं, आणि तुम्ही जेवला नाहीत.

सुरेश थांबला. सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही. रस्त्यावरून एक तांगा गेला, मागून दूधवाला गेला, कुणीतरी त्याला "जय रामजी की" म्हणालं, तेही त्याला ऐकू गेलं नाही. मला शब्द सुचत होते. मास्तरला सुचतातच. "बाबांचं तुझ्यावर फार प्रेम होतं" हे वाक्य तर अगदी जिभेवर आलं होतं.

नाही दिलं. नुसता त्याच्याकडे बघत राहून गेलो, बापू.